हिरव्या पट्ट्याबाहेर

आई गेली त्या मिनिटालाही मी हिरव्या पट्ट्यात होते. हे मला तिच्या तेराव्याच्या दिवशी कळलं, आणि तेही एका अभिनंदनाच्या पत्रातून.

जेवणं उरकून पाहुणे पांगले होते. मी ओट्याशी उभी राहून फोन उघडला. 'समतोल'कडून प्रमाणपत्र आलं होतं. 'मृण्मयी तारळेकर, रजेचे दिवस वगळता गेल्या तीस दिवसांत आपण एकदाही पट्ट्याबाहेर गेला नाहीत. मिरज-सांगली विभागात आपला क्रमांक पहिला.' खाली रोजचा आलेख होता. मी अकरा तारखेवर बोट ठेवलं. दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. आईचा श्वास थांबला ती वेळ. हिरवी रेघ तशीच सरळ पुढे गेली होती. नाडी बहात्तर, तळहाताची ओल नेहमीइतकी. चार वीसला तेवढा एक बारीक उंचवटा होता. त्यावर बोट ठेवल्यावर खुलासा आला, 'जिना चढणे किंवा तत्सम श्रम.'

बरोबर होतं. हॉस्पिटलच्या खालच्या काउंटरवर सह्या करून मी परत वर आले होते आणि लिफ्ट बंद होती.

ज्यांनी कुडी वापरलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मेंदूतून निघून मानेतून हृदयाकडे आणि पुढे पोटाकडे जाणारी एक लांब नस आहे, व्हेगस नावाची. आता धोका नाही, सैल हो, हे शरीराला सांगण्याचं काम बरंचसं तिच्याकडे असतं. तिची एक बारीक फांदी कानाच्या खोलगट भागात कातडीच्या अगदी जवळ येते. तिथे विजेचा फार हलका ठोका मोजून दिला तर हृदयाची लय सावरते. हे तसं जुनंच ज्ञान. 'समतोल' कंपनीने त्याला दुसऱ्या एका निरीक्षणाची जोड दिली. दोन माणसं समोरासमोर बसून मनापासून बोलू लागली की त्यांच्या नाडीचे आणि श्वासाचे चढउतार हळूहळू एकमेकांच्या मागोमाग जाऊ लागतात. मग थेरपिस्टचंच शरीर स्थिर धरून ठेवलं, तर समोरच्याचं शरीर आपोआप त्याच्या मागे येईल. कंपनीचं यंत्र थेरपिस्टची नाडी सतत मोजत राहतं आणि ती ठरलेल्या मर्यादेबाहेर निघाली की ठोके देऊन परत आत आणतं. वरची मर्यादा आणि खालची मर्यादा यांच्यामधली जागा म्हणजे हिरवा पट्टा.

यंत्राला एक लांबलचक नाव होतं. पण सात बारीक दाणे फुलासारखे मांडलेले आणि कानात घालायचं, म्हणून लोकांनी त्याला कुडी म्हटलं. आता पुरुषही 'माझी कुडी कुठं ठेवलीस' म्हणून घरात ओरडतात आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

माझं समुपदेशनाचं केंद्र मिरजेत एका चष्म्याच्या दुकानाच्या वर आहे. अकरा वर्षांपूर्वी एका खोलीत सुरू केलं. आई पोस्टातून नुकतीच निवृत्त झाली होती. एकतीस वर्षं काउंटरवर बसलेली बाई घरात बसेना, म्हणून बाहेरच्या टेबलावर येऊन बसली. गाव लहान. मनाच्या डॉक्टरकडे जाताना कोणी पाहिलं तर सोयरीक मोडेल अशी भीती. पहिल्या दोन महिन्यांत येणारी माणसं तोंडाला रुमाल बांधून यायची. आई खाली चष्मेवाल्यांकडे गेली आणि चष्म्याची पन्नास रिकामी घरं घेऊन आली. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या हातात ती एक घर द्यायची. "कोणी विचारलं तर नंबर वाढलाय म्हणायचं." आमच्या गल्लीत त्या वर्षी कोणाचीही नजर धड नव्हती.

दुसरी तिची पद्धत म्हणजे दोन माणसांमध्ये पाव तास मोकळा. त्या पाव तासात ती कोणालाच आत सोडायची नाही, कलेक्टर आले तरी. "शिक्के मारून मारून हात भरून आला की आम्हीपण काउंटर बंद करायचो," ती सांगायची. "तुझ्या तर मनाचं काम." त्यामुळे दिवसाला सहा माणसं. सातवं आलं तर आई पुढच्या आठवड्याची वेळ द्यायची.

दोन वर्षांपूर्वी कुडी आली आणि पाव तासाची गरज संपली. एक माणूस रडून गेलं की लगेच दुसरं आत घेता येत होतं, कारण माझ्यात काही उरतच नव्हतं. सहाचे तेरा झाले. 'समतोल'च्या यादीत नाव लागलं, विमा असलेली माणसं तिथून येऊ लागली. आणखी दोन खोल्या घेतल्या. अबीद मुल्ला सोबत आला, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, माझ्याहून चांगला ऐकणारा. जूनमध्ये जयसिंगपूरला दुसरं केंद्र उघडायचं ठरलं. विभागात पहिली आले म्हणून ते केंद्र कंपनीने आम्हाला देऊ केलं होतं.

आई एकदा म्हणाली, "तू आता सगळ्यांशी सारखीच गोड बोलतेस. माझ्याशीपण."

मी ते कौतुक समजले.

हॉस्पिटलमध्ये तिला नऊ दिवस ठेवलं होतं. हृदय थकलं होतं. कंपनीचा नियम असा की दिवस धरला जायला कुडी सलग आठ तास कानात हवी, मध्ये काढली तर त्या दिवसाची सगळी सत्रं खालच्या दर्जात जातात. मी वॉर्डाबाहेरच्या बाकावरून फोनवर सत्रं घेत होते. अकरा तारखेला साडेतीनला एक सत्र संपवून आत गेले. आई जागी होती.

"मिनू, ते कानातलं काढून ये जरा."

"सहाला काढते, आई. मध्येच काढलं तर आजचा दिवस फुकट जातो."

"मग सहाला ये."

"असं काय करतेस? मी आहे ना. बोल, तुला आत्ता काय वाटतंय?"

ती हसली. हसताना तिला धाप लागली. "बघ. मी तुझ्याशी बोलतेय का काउंटरशी?"

मग तिने डोळे मिटले. मी तिचा हात धरून बसले आणि पावणेपाचच्या सत्राचे मुद्दे मनात जुळवत राहिले. चार दहाला नर्सने पडदा ओढला. मी डॉक्टरांना विचारलं, कागदावर वेळ काय लिहिणार. ते म्हणाले, मॅडम, तुम्ही फार धीराच्या आहात.

पावणेपाचचं सत्र मी रद्द केलं. कुडी मात्र सहापर्यंत कानातच राहिली, कारण ती तिथे आहे हे मी विसरले होते. तिला काय बोलायचं होतं ते मला माहीत नाही. बहुतेक काही विशेष नसेल. दुधाचं, घरभाड्याचं, असलंच काही. पण ते ती मला सांगणार होती.

चौदाव्या दिवशी केंद्र उघडलं. बाहेरच्या टेबलाशी खुर्ची रिकामी होती. अबीदने चहा आणला आणि माझ्या कानाकडे पाहिलं.

"चार्जिंगला आहे का, ताई?"

"कपाटात आहे."

"म्हणजे आज नाही?"

"आज नाही, उद्या नाही."

त्याने कप खाली ठेवला. "काकूंना मीपण ओळखत होतो. माझ्या लग्नात आचाऱ्याला खिरीवरून झापलं होतं त्यांनी, तो अजून विचारतो त्या बाई कोण होत्या. वाईट मलापण वाटतंय. पण जूनमध्ये दार उघडायचंय, ताई. तिकडच्या माणसाला आज बोलायचं झालं तर दोन बस बदलून इथं यावं लागतं. तुम्ही यादीतून गेलात की ते केंद्र गेलं."

"तू चालव."

"माझा क्रमांक एकोणिसावा आहे. मॅच बघताना कुडी काढायला विसरतो मी. शेवटच्या षटकात पट्टा सोडून पार छतावर असतो."

मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरले. दोन्ही एकदम होतं हे मी दोन वर्षांत विसरले होते.

"मला आई गेल्याचं कळायला तीन दिवस लागले, अबीद," मी म्हणाले. "चौथ्या दिवशी सकाळी पिण्याचं पाणी भरताना कळलं. येणाऱ्या माणसांना आपण हेच देतोय का?"

"आपण त्यांना शांत करतो."

"हो. तेच विचारतेय मी."

 त्याला पटलं नव्हतं. ते मला त्याच्या कप उचलण्यावरून कळलं.

पहिले आले ते दिनकर खोत. नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्हमन, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. झोप येत नाही, छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं, ही तक्रार घेऊन नऊ महिने दर मंगळवारी येत होते. नऊ महिन्यांत 'बरं हाय, मॅडम' याच्यापलीकडे फारसं बोलले नव्हते. त्यांचा आलेख मात्र इतका सुरेख होता की कंपनीने तो एकदा नमुना म्हणून इतरांना पाठवला होता.

ते बसले. मी काहीतरी विचारायला तोंड उघडलं आणि माझा आवाज फाटला. भिंतीवरचं कंपनीचं यंत्र चेहऱ्यावरून नाडी ओळखतं. कुडीशिवायही त्याला सगळं कळत होतं. त्यातून बाईचा मऊ आवाज आला. "थेरपिस्ट पट्ट्याबाहेर आहेत. सत्र थांबवावे ही शिफारस."

खोतांनी वर पाहिलं. "ही कोन बया?"

"कंपनीची."

"नऊ महिने मुकी हुती की." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "काकू गेल्याचं कळलं मला. यायला जमलं न्हाई, पाळी हुती. पन एक बोलू का मॅडम? तुमचंच तुमास्नी झेपंना झालंय. आमाला काय सांगनार तुमी?"

"आज तरी काही सांगता येणार नाही. तुम्हाला जायचं असलं तर जा. थांबलात तर मी इथे आहे."

ते उठले नाहीत. टोपी काढून मांडीवर ठेवली. यंत्राने शिफारस पुन्हा एकदा केली.

"माझा थोरला भाऊ चार वर्षं अंथरुणाला हुता," ते म्हणाले. "हागनं-मुतनं मी काढलं. बायको म्हनायची, देव हाय तुमी. गेला त्या सकाळी मी अंगनात येऊन बसलो आनि मला बरं वाटलं. लई बरं वाटलं, मॅडम. चहा पिलो दोन कप." बराच वेळ ते टोपीची घडी उलटसुलट करत राहिले. "तुमास्नी वाटलं का तसं?"

मी शिकले ते असं, की असल्या प्रश्नाला प्रश्नाने उत्तर द्यायचं. तुम्हाला हे विचारावंसं का वाटलं, वगैरे. ते मला येत होतं. पण मी म्हणाले, "नाही. मला काहीच वाटलं नाही. मी कुडी घातली होती."

खोत माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मी पाण्याचा पेला त्यांच्याकडे सरकवला. थोडं पाणी टेबलावर सांडलं. दोघांपैकी कोणी ते पुसलं नाही.

जाताना दारात ते म्हणाले, "आज लई वंगाळ वाटलं."

"हो."

"म्हंजे पुढच्या मंगळवारी यायला पायजे."

हे इथेच संपवलं असतं तर बरं दिसलं असतं. पण त्याच दिवशी बाराला स्वराली आली. सव्वीस वर्षांची, दोन वर्षं घराचा उंबरा न ओलांडलेली मुलगी. कुडीमुळेच ती बाहेर पडली होती. माझ्या स्थिर आवाजाच्या आधाराने जिना, मग गल्ली, मग स्टँड, असं एकेक पाऊल टाकत बँकेत नोकरीला लागली होती. माझा आवाज हलला आणि तिचा श्वास वर चढू लागला. मी सावरायचा प्रयत्न केला तसा तो आणखी चढला. शेवटी अबीदला हाक मारावी लागली. तो तिला त्याच्या खोलीत घेऊन गेला, त्याची कुडी कानात होती, वीस मिनिटांत ती शांत झाली. संध्याकाळी तिचा निरोप आला, 'मॅम, तुम्ही बऱ्या झालात की कळवा.'

तो निरोप मी अजून पुसलेला नाही. कुडी खोटी आहे असं मी म्हणत नाही. स्वराली चालती-फिरती आहे.

शुक्रवारी पुण्याहून पाटणकरबाईंचा व्हिडिओ कॉल आला. त्या 'समतोल'च्या गुणवत्ता अधिकारी. तिशीतल्या, नम्र, कानात मोतिया रंगाची कुडी.

"सर्वप्रथम, आपल्या आईंबद्दल वाईट वाटलं," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी समतल होता आणि मी दोन वर्षं असंच बोलत होते हे मला लख्ख ऐकू आलं. "आपली चौदा दिवसांची शोकसवलत संपली आहे. आता दोन पर्याय आहेत. एक, कुडी शोकाच्या श्रेणीवर लावायची. ठोके थोडे जास्त असतात, सहा आठवड्यांत बहुतेकांचं काम होतं. दुसरा, पूर्ववत होईपर्यंत रजा. आपल्या वयाच्या, अविवाहित, आईसोबत राहणाऱ्या व्यावसायिकांना सरासरी सात महिने लागतात."

"आणि सात महिन्यांत नाही झालं तर?"

"मग आपण उपचार घ्यावेत. आमच्या यादीतल्या कोणाकडेही."

"मिरज विभागात यादीत पहिली मीच आहे."

 त्यांच्या पापण्या दोनदा लवल्या. कुडीने काम केलं असावं, कारण पुढचं वाक्य तितकंच मऊ होतं. "मंगळवारी आपण दोन सत्रं पट्ट्याबाहेर घेतलीत. दोन्ही व्यक्ती अस्वस्थ होऊन गेल्या. श्री. खोत यांचा नऊ महिन्यांतला सर्वात वाईट आलेख आहे."

"स्वरालीच्या बाबतीत माझं चुकलं. तिला आधी सांगायला हवं होतं, निवडू द्यायला हवं होतं. ते मी मान्य करते. खोतांच्या बाबतीत नाही. ते नऊ महिन्यांत पहिल्यांदा बोलले."

"काय बोलले ते आम्ही ऐकत नाही, ते गोपनीय असतं. आम्ही फक्त आलेख पाहतो."

"म्हणूनच तुम्हाला गप्प बसलेला माणूस बरा झालेला दिसतो."

"मृण्मयीताई," त्यांनी पहिल्यांदाच नावाने हाक मारली. "मला तुमचं केंद्र जायला नकोय. असं करूया. फक्त सत्रापुरती घाला. बाहेर आलात की काढा, मग हवं तेवढं रडा. सलगतेची अट तुमच्यासाठी मी शिथिल करून घेते."

त्यांनी सुचवलेली वाट सोपी होती आणि ती चांगल्या मनाने सुचवली होती. जयसिंगपूर राहिलं असतं. तीन खोल्या राहिल्या असत्या. मी पाचेक सेकंद विचार केला, आणि तेवढ्यातही माझ्या डोळ्यांपुढे पडदा ओढणारी नर्स येऊन गेली.

"ज्या खोलीत लोक दुःख घेऊन येतात, नेमकं तिथेच माझं दुःख बंद ठेवायचं," मी म्हणाले. "नाही, पाटणकरबाई. ते मी करणार नाही. रजाही घेणार नाही. काम करायचा माझा परवाना सरकारचा आहे, तुमचा नाही. नाव काढून टाका."

त्यांनी अर्ज पाठवला. यादी सोडण्याचं कारण निवडायचं होतं. निवृत्ती, स्थलांतर, प्रकृती, इतर. "प्रकृती निवडा," त्या हळूच म्हणाल्या, "म्हणजे परत यायचा रस्ता राहील." मी इतर निवडलं. पुढच्या चौकोनात चाळीस अक्षरांची सोय होती. मी लिहिलं, 'आई गेली आहे. मी काम करते आहे.' आणि पाठवून दिलं.

अबीद दाराशी उभा होता. त्याने शेवटचं सगळं ऐकलं होतं.

"जयसिंगपूरसाठी मी माझ्या नावाने अर्ज करतो," तो म्हणाला. "एकोणिसाव्यावरून वर यावं लागेल. मॅच बघणं बंद."

"कुडी घालणार."

"घालणार. तिथं आधी कोणीतरी बसायला तर हवं." मग म्हणाला, "चिडलोय मी तुमच्यावर, ताई. एवढं सगळं उभं केलं आपण."

"माहीत आहे. चिडच. आणि स्वरालीला सांभाळ."

महिनाअखेर विमा असलेली माणसं दुसरीकडे गेली. बहुतेकांचा इलाज नव्हता, काहींना तेच बरं वाटलं. दोन खोल्या सोडल्या. भिंतीवरचं यंत्र कंपनीचा माणूस येऊन काढून घेऊन गेला. त्याच्या मागे चार भोकं राहिली. ती मी बुजवली नाहीत. दिवसाला सहा माणसं बसतील असं वेळापत्रक केलं. चारच भरली.

स्वरालीची चूक पुन्हा व्हायला नको होती. म्हणून मी एक पुठ्ठा घेतला, जाड पेनाने लिहिलं आणि बाहेरच्या टेबलामागे, येणाऱ्याला दारातूनच दिसेल असा लावला.

'या केंद्रातल्या थेरपिस्टची आई नुकतीच गेली आहे. त्या कुडी वापरत नाहीत. बोलताना त्यांचा आवाज कधी कधी हलेल. ज्यांना हे चालणार नाही त्यांनी संकोच न करता सांगावे. त्यांची सोय दुसऱ्या चांगल्या थेरपिस्टकडे केली जाईल.'

लावून दोन पावलं मागे सरकून वाचत होते, तेवढ्यात खोत जिना चढून आले. कंपनीने त्यांना दुसरं नाव दिलं होतं, ते तिकडे गेले नव्हते. चष्मा कपाळावरून खाली ओढून त्यांनी पुठ्ठा सावकाश, ओठ हलवत वाचला. परत एकदा वाचला.

"हे 'कधी कधी' कशाला?" ते म्हणाले. "गेल्या मंगळवारी तासभर हलत हुता. खरं लिवा की."

मी पेन घेतलं, ते दोन शब्द खोडले आणि दार उघडून धरलं.